बाभळीचं वळण
उकळत्या काकवीचा वास आला की स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची ती शर्यत आठवते. कोऱ्हाळ्याच्या जत्रेत गाडे ओढ्याच्या वाळूतून जायचे, बाभळीला वळसा घालून माघारी यायचे, आणि निम्मे त्या वळणावरच उलटायचे. वडिलांनी आमची जोडी जुंपली तशी माणसं हसली, ‘चरकाचं बैल कुठं पळत्यात व्हय?’ हिवाळाभर मीच त्यांना गुऱ्हाळात उसाच्या चरकाभोवती फिरवलं होतं. वाळूत जोडी मागंच पडली. पण बाभळीपाशी पुढचे गाडे लांब फेकले गेले आणि आमची जोडी चरकाभोवती वळावी तशी खोडाला चिकटून वळली. लोक गुलाल घेऊन धावले, तर वडील म्हणाले, ‘मला न्हाय, पोरीला लावा. वळायला तिनं शिकवलंय.’ आज केस पिकलेत, तरी तो वास आला की हात कपाळाकडं जातो आणि मान ताठ होते.