दादाला दिलेले दाखले

तुमच्या घरातल्या माणसाने एकच प्रश्न दिवसातून किती वेळा विचारला, म्हणजे तुम्ही त्याला आजार म्हणाल? दहा वेळा? चाळीस? आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं आणि तरीही आजार म्हणत नव्हतो.

माझा मोठा भाऊ पुणतांबा ते शिर्डी काळीपिवळी जीप चालवायचा. संध्याकाळी घरी आला की चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारायचा, "खरं सांग, मी कोणाला उडवलं तर न्हाई ना?"

मी दिवसभर घरात असायचे. तरी सांगायचे, "न्हाई रे दादा."

"नक्की?"

"नक्की."

जेवताना पुन्हा तेच. हात धुताना पुन्हा.

सुरुवात एका पोत्यापासून झाली होती. उसाच्या ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेल्या पोत्यावरून चाक गेलं, दादाने उतरून पाहिलं, हसला, निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तो पुन्हा उतरला. मग प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक त्याला माणूस वाटू लागला. भरलेली गाडी तो मध्येच वळवायचा आणि मागे जाऊन रस्ता, कडेची पाण्याची चारी, बाभळीखालची जागा बघून यायचा.

एकदा मी त्या गाडीत होते. शिर्डीला फुलं विकायला निघालेली एक म्हातारी पाटी मांडीवर घेऊन पुढे बसली होती. गाडी दुसऱ्यांदा वळली तशी ती भडकली. "आरं ए बाबा, आमी शिर्डीला चाललोय का परत पुनतांब्याला? फुलं सुकली तर मंदिरापुढं काय देठं इकू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बसा मावशी, एका भाड्यात दोन फेऱ्या. असा डायवर मिळायचा न्हाई."

सगळी गाडी हसली. दादाच्या मानेवर घाम होता. तो आरशातून मागचा रस्ता बघत होता.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या जागी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. पाण्याचं पत्रक, मजुरीचं पत्रक, बुवाबाजीविरुद्धचं पत्रक. अक्षर ओळखायच्या आधी मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. जेवताना कुणी काही ठोकून दिलं की आमचे वडील, आप्पा, घास थांबवून म्हणायचे, "पुरावा?" दादाचं ऐकून शेजारच्या काकू अंगारा घेऊन आल्या तेव्हा आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि अंगारा परत दिला. मला आप्पांचा फार अभिमान वाटला. आम्ही दादाला विचाराने बरं करणार होतो.

म्हणून मी गाडीत काचेपाशी मोबाईल बसवला. दिवसभराच्या रस्त्याचं चित्रण संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसून पाहायचो. दादा म्हणायचा, "त्या वळनावर मोबाईल हलला बघ. तेवढ्यात झालं असंल." मग मी चित्रण सोडून दाखले सुरू केले. जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरात लिहायचे: आज पुणतांबा ते शिर्डी रस्त्यावर या गाडीचा कोणालाही धक्का लागलेला नाही. खाली माझी सही आणि जमलं तर एखाद्या प्रवाशाची. दादा तो कागद घडी करून खिशात ठेवायचा आणि अर्धा तास माणसात यायचा. त्या अर्ध्या तासासाठी मी वर्षभर दाखले लिहिले. गाडीचा पुढचा कप्पा भरला. दाखल्याशिवाय दादाचा शांत जाणारा वेळ मात्र कमी होत गेला.

मग एका सोमवारी त्याने गाडी काढलीच नाही.

स्टँडवर प्रत्येक गाडीला नंबर असतो. दोन महिने गाडी लागली नाही तर नंबर दुसऱ्याला जातो, असा तिथल्या ड्रायव्हरांचा आपसातला नियम. दादाने आयुष्यात मिळवलेली एकच गोष्ट म्हणजे तो नंबर. तो वाचवायला आम्ही नगर गाठलं.

सरकारने शहराचं नाव बदललं, पण आजारी माणसाला घेऊन जाताना आमच्या तोंडी नगरच येतं. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या खोलीत थेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. मी दाखल्यांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. आम्ही काय काय केलं, याचा तो पुरावा होता. त्यांनी एकेक घडी उलगडली. घाई केली नाही.

"हे कोणी लिहिले?"

"मी," मी ताठ बसून म्हणाले.

"अक्षर छान आहे. आता एकही लिहायचा नाही."

त्यांनी समजावलं ते असं. उत्तर मिळालं की दादाची भीती उतरते. भीती उतरली की त्याचं मन शिकतं, विचारलं म्हणून वाचलो. पुढची भीती आणखी मोठी येते. म्हणून भीतीला उत्तर न देता तिच्यासोबत बसायचं. गतिरोधकावरून जायचं, आरशात बघायचं नाही, वळायचं नाही, घरी विचारायचं नाही. सोप्यापासून अवघडापर्यंत, पायरीपायरीने. आणि हे सगळं दादाला कबूल असेल तरच.

मी वाद घातला. वाद घालायलाच मी शिकले होते. "म्हणजे तो विचारेल तेव्हा मी खोटं बोलू?"

"खोटं कशाला? माहीत नाही म्हणा. तुम्हाला खरंच माहीत असतं का? त्या त्या दिवशी तुम्ही गाडीत होतात?"

मी नव्हते. साऱ्या गावाकडे पुरावा मागत फिरणारी मी, वर्षभर न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करत होते.

पुढच्या वेळी आम्ही स्टँडवरच्या एका ड्रायव्हरकडून जीपच नगरला नेली आणि तिथे दादा चाकामागे बसला. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या, मी मागे. गल्लीतल्या गतिरोधकावर गाडी उडाली. दादाने ब्रेकवर पाय दाबला.

"मॅडम, कोनी हुतं का?"

"असेल कदाचित. पुढे चला."

"लई वंगाळ वाटतंय."

"वाटू द्या. मी इथेच आहे. ब्रेकवरचा पाय काढा."

दादा रडत रडत गाडी चालवत होता. मागे बसून मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं, कारण माझ्या जिभेवर आलेलं "न्हाई रे दादा" मला गिळायचं होतं.

घरी आमचं उत्तर ठरलं: "माहीत नाही दादा. मी इथं बसलेय." आप्पांना ते जमायचं नाही. ते उठून घरापुढच्या ओट्यावर जायचे. पण तीन आठवड्यांत दादा दिवसाला दोन फेऱ्या न वळता करू लागला. गाडी पुन्हा नंबरला लागली.

चौथ्या आठवड्यात आमच्याच रस्त्याच्या कडेला एक मजूर मेलेला सापडला. कुठलीतरी गाडी धडक देऊन पळाली होती. दादाला हे स्टँडवर कळलं. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा होता. त्याने विचारलं नाही. नुसता माझ्यासमोर बसून राहिला, शिकवल्याप्रमाणे, ओठ दाबून.

आणि माझाच निश्चय मोडला. मी स्टँडवर फोन केला, वेळा विचारल्या, ताळा जुळवला. "तू त्या वेळी शिर्डीत नंबरला उभा होतास दादा. तू नव्हतास." कागद घेतला आणि दाखला लिहून दिला. या वेळी पुरावा खरा होता.

दादा ढसाढसा रडला, मग शांत झाला. तासाभराने आला. "स्टँडवरचं घड्याळ बरुबर असतं का गं?"

दुसऱ्या दिवशी त्याने जीपची किल्ली आप्पांच्या पुढ्यात ठेवली. त्यानंतर अडीच महिने तो कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. नंबर गेला. ज्याला मिळाला तो आमच्याच आळीतला आहे आणि त्याचा काही दोष नाही.

मॅडम मला रागावल्या नाहीत. "त्या दिवशी माझ्याही तोंडून निघालं असतं," म्हणाल्या. "पहिल्या पायरीपासून सुरू करू." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आमची जीप विकली आहे आणि दादा दुसऱ्याच्या जीपवर बदली ड्रायव्हर आहे. काल दोनदा विचारलं. एकदा गाडी वळवली. बरा झाला असं मी लिहिणार नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायचं मी सोडलंय. तो शेवटचा दाखला माझ्या कपाटात आहे.

मॅडमच्या खोलीबाहेरची माणसं मला रोज आठवतात. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातून दोन गाड्या बदलून आलेली एक बाई, हात धुऊन धुऊन सोललेले. ती एकटी आली होती. घरच्यांनी तिला उत्तरं दिली असतील, शिव्या दिल्या असतील, अंगारे दिले असतील. शेजारी बसायला कुणी आलं नव्हतं. ज्या जिल्ह्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सला चौक पुरत नाहीत, त्या जिल्ह्यात या बाईला अशी खोली तिच्या तालुक्यात का मिळत नाही, हे मी पुढच्या पत्रकात विचारणार आहे.

ते पत्रक तुमच्या हाती पडेल तेव्हा पडेल. आत्ता एवढंच करा. तुमच्या घरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारं कुणी असेल, तर या आठवड्यात एक दिवस रजा टाका, जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचाराचा दिवस कोणता ते विचारून घ्या, आणि त्या माणसासोबत एसटीत बसा. त्याला एकट्याला पाठवू नका.