बास आधी यायला पाहिजे

डिझेलचा वास आला की चुलत्यांचा ट्रॅक्टर आठवतो आणि अजून डोकं तापतं. माशीला हालचालीची दिशा कशी कळते, यावर मी तेव्हा प्रबंध लिहीत होतो. फलटणला गेलो की चुलते छळायचे, "माशीच्या डोळ्यात काय ठेवलंय रं?" वैतागून सांगितलं, "एकाच पेशीला एक निरोप 'पेट' म्हणतो, दुसरा 'थांब'." ऐकतील तर शपथ! त्याच दिवशी ते ट्रॅक्टरला जोडलेली उसाची ट्रॉली मागे घेताना मी "येऊ द्या" ओरडत राहिलो, चुलतीचं "बास!" येईपर्यंत गोठ्याची भिंत आडवी झाली. चुलते माझ्यावरच खेकसले, "बास आदी याय पायजे, लेका! मागनं येऊन काय उपेग?" माशीचंही तेच. दोन्ही निरोप डोळ्यातल्या शेजारशेजारच्या जागांवरून निघतात. हालचाल 'थांब'च्या बाजूने आली की तो वेळेत पोचतो आणि पेशी गप्प राहते. दुसऱ्या बाजूने आली की तो उशिरा पोचतो, तोवर पेशी पेटलेली असते. तीन वर्षं डोकं फोडून मी हेच लिहिलं. चुलते अजून विचारतात, "मग त्यात नवीन काय हाय रं?"