कोटाच्या सिनेमातली आजी

या गं, जरा जवळ सरकून बसा. लांबून वाचता, खाली ‘काकू, पुढचं लवकर टाका’ एवढं लिहिता आणि पळता... ही काय पद्धत झाली? आणि असलं काही वाचायचं तर दिवसाढवळ्या वाचावं. तुम्ही पांघरुणात मोबाईल घेऊन वाचणार, मग झोप उडाली म्हणून मलाच बोल लावणार. चहा ठेवा बाजूला आणि नीट ऐका. मी एका बोटानं टाईप करते, चुकलं-माकलं पोटात घाला.

आधीच सांगते – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. माझं माहेर कन्नड तालुक्यातलं. घाट, जंगल, अमावस्या... ऐकून ऐकून कान किटले, पण दिसलं कधी काही नाही. सिनेमातली भुतं तर मलाच बघून पळतील, असं आमचे हे म्हणायचे. लेक मुकुंद आणि सून केतकी पुण्याहून आले की भयपट लावायचे. केतकी उशीआड तोंड लपवायची आणि मी आपली पडद्यावरच्या बाईला सूचना द्यायची – ‘अगं बये, एवढा मोठा बंगला घेतलास, दिव्याचं बटण कुठं आहे ते नाय विचारून घेतलंस व्हय?’

एका सिनेमात नळातून रक्त येतं आणि ती बाई किंचाळत सुटते. आमच्याकडं तेव्हा दुष्काळाचा उन्हाळा. मी म्हटलं, “पळती कुठं? आधी बादली लाव! नळाला काहीतरी आलं हेच लई झालं.” मुकुंद पोट धरधरून हसला होता.

माझं मत विचाराल तर भयपटात भ्यायचं काही नसतंच. भूत यायच्या आधी वाजंत्री वाजते. जो वाजतगाजत येतो, त्याला काय भ्यायचं? तो पाहुणाच झाला की! मला घाम फोडला तो एका हसायच्या सिनेमानं. तेही भर दुपारी.

आमचं घर सिडकोत. बैठं, पुढं अंगण, अंगणात जमिनीखाली हौद, वर गच्चीवर टाकी. हे गेल्यापासून मी एकटीच राहते. आजूबाजूची बैठी घरं एकेक करून पडली आणि तिथं चार-चार मजले उभे राहिले, पण त्या सगळ्यांना पाणी मात्र त्याच एका जुन्या पाईपलाईनचं. आठवडा उलटून गेला की एकदा पाणी यायचं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. त्या दिवशी कुठं जायचं नाही, झोपायचं नाही. बसून राहायचं. नळ सूं-सूं करायला लागला की धावायचं – हौद भरायचा, मोटार लावून टाकी भरायची, मग हंडे, पिंपं, पातेली, अगदी पूजेचा तांब्यासुद्धा.

अशा दिवशी नवा सिनेमा लावून चालत नाही. मधेच उठावं लागतं, मग कोण कुणाचा भाऊ ते कळत नाही. म्हणून मी नेहमी तोच लावायची. ह्यांनी आणलेली सीडी. ओळखू यावी म्हणून मी तिच्यावर लाल टिकली चिकटवली होती. नाव सांगत नाही, लगेच शोधायला पळाल. दोघे भाऊ, दोघांत मिळून एकच कोट, आणि दोघांनाही एकाच दिवशी मुलगी बघायला जायचंय – एवढीच गोष्ट. किती वेळा बघितला असेल देवाला ठाऊक. मुगाच्या खिचडीसारखा सिनेमा. चव माहीत असते, म्हणूनच बरं वाटतं.

मागच्या गल्लीतल्या रझिया भाभी पण यायच्या. त्यांच्या नळाला जोर नाही, म्हणून माझ्या अंगणातून भिंतीवरून पाईप टाकायच्या आणि पाण्याची वाट बघत सोफ्यावर बसायच्या.

मागच्या उन्हाळ्यात मुकुंद-केतकी सुट्टीला आले होते, तेव्हा अशाच एका पाण्याच्या दिवशी केतकी माझ्याजवळ बसली होती. पाणी येऊन गेलेलं, सगळं भरून झालेलं. सिनेमात दोघे भाऊ अंगणात कोट ओढताहेत, बाही टर्रकन फाटते... आणि मी म्हटलं, “झालं हो, झालं. भरलं सगळं.”

केतकी म्हणाली, “आई, कुणाशी बोलताय?”

“अगं, ती आजी विचारती ना... ओसरीवरची.”

“कुठली आजी?”

आता बघा. त्या दोघा भावांच्या मागं ओसरी आहे. तिथं एक म्हातारी गुडघा उभा करून बसलेली असते, जांभळं लुगडं, सुपात मिरच्यांची देठं काढत. मान वर न करता ती विचारते, “पाणी भरून झालं का गं?” मी दर वेळी उत्तर देत आले होते. त्यात मला कधी काही वावगं वाटलंच नाही. दारातून जाणारं माणूस ‘काय, बरं आहे का’ म्हणतं, आपण ‘बरंय’ म्हणतो, तसं.

केतकीनं सिनेमा मागं घेतला. कोट फाटला. मागं ओसरी होती. मोकळी. सूप नाही, मिरच्या नाहीत, आजी नाही. पुन्हा मागं घेतला. पुन्हा मोकळी. मलाही दिसेना हो!

केतकीनं रिमोट बाजूला ठेवला. माझ्या पाठीवरून हात फिरवला फक्त. तो हातच मला आवडला नाही. लहान लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा होता.

त्यानंतर घरात कुजबुज सुरू झाली. मी खोलीत शिरले की मुकुंद फोनवर ‘नंतर बोलतो’ म्हणायचा. गॅसचं बटण मी बंद केलेलं असलं तरी केतकी जाऊन पुन्हा बघून यायची. ते दोघं पुण्याला गेले आणि पाठोपाठ मुकुंदचा फोन – “आई, इकडं एक चांगले डॉक्टर आहेत. विसरायला होणं, भास होणं, या वयात होतं. आणि आता एकटं राहणं बास. घराला गिऱ्हाईक आहे.”

गिऱ्हाईक! माझं डोकं तिथंच सणकलं. एक एजंट घराभोवती घिरट्या घालत होताच, फाटकावरून वाकून हौदाकडं बघायचा मेला. मला वाटलं, हे सगळं ठरवून चाललंय. सीडी बदलली असणार यांनी. मला वेडं ठरवायचं, पुण्याला न्यायचं आणि हे घर पाडायचं. सीडी काढून बघितली तर टिकली जागेवर. तिच्या कडेला मेणाचा डाग होता, तोही तसाच. म्हणजे पोरांचा दोष नव्हता... मग दोष माझ्या डोक्यात? हे घर गेलं असतं तर सोसलं असतं मी. पण माझ्याच लेकानं ‘आईला काही कळत नाही’ म्हणून माझ्या वतीनं बोलावं, हे सोसलं नसतं.

रझिया भाभींना विचारलं, “खरं सांगा, तुम्ही पण बघता ना माझ्यासंगं? ती आजी दिसली का नाही?”

“मै कायकू झूट बोलू, ताई? पिच्चर लगी के मेरेकू नींद लगती. पानी आया तो तुम उठाते, उतनाच मालूम.”

घ्या! इतकी वर्षं मी साक्षीदार बसवला, तो झोपलेला.

महिनाभरात मुकुंद-केतकी आले. घराचं पक्कं करायलाच आले होते. नेमका पाण्याचा दिवस, म्हणून रझिया भाभी पण बसलेल्या. जेवणं झाली. मी म्हटलं, “एकदा माझ्यासंगं तो सिनेमा बघ. मग म्हणशील तिथं सही करते.”

मुकुंद म्हणाला, “लाव. एकदाचं होऊन जाऊ दे.” पण बघतोय कुठला? पाय पसरून मोबाईलात तोंड घालून बसला. मी मनाशी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. तोंडात सुपारीचं भलं मोठं खांड धरलं आणि पडद्याकडं न बघता लेकाकडंच बघत बसले. नळ अजून आलेला नव्हता. घरात पाण्याचा थेंब भरलेला नव्हता.

सिनेमात कोटाची ओढाओढ सुरू झाली. बाही फाटली. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. आणि मुकुंद, मान वर न करता, अगदी सहज म्हणाला –

“झालं गं, भरलं.”

केतकीचा चहाचा कप बशीत वाजला. रझिया भाभी, त्या दिवशी नशिबानं जाग्या होत्या, म्हणाल्या, “क्या भरा, बेटा? पानी तो आयाच नै.”

मुकुंदनं मान वर केली. “आईनं विचारलं ना आत्ता... पाणी भरून झालं का रे म्हणून.”

मी गालातलं सुपारीचं खांड तळहातावर काढून त्याला दाखवलं. केतकी म्हणाली, “आई एक शब्द बोलल्या नाहीत रे.”

त्यानं रिमोट माझ्या हातातून जवळजवळ ओढलाच. मागं, पुढं, मागं. ओसरी मोकळी. आवाज वाढवला. भाऊ भांडताहेत, बाकी काही नाही. मग तो उठला आणि तडक गच्चीवर गेला. मी जिन्याखालून बघत होते. टाकीचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत उभा होता. काय बघितलंस, विचारलं तर सांगेना. अजूनही सांगत नाही, आणि टाकी त्याला भरलेली दिसली असणार, हा माझा संशय आहे तो आहेच.

जाताना फाटकाशी मी विचारलं, “आवाज कसा होता रे?”

“तुझाच होता, आई.” गाडीच्या चाव्या हातात नुसत्या फिरवत राहिला. “पण लई थकलेला. खूप वेळ वाट बघत बसल्यासारखा.”

पुण्यात राहून ‘लई’ विसरला होता माझा पोरगा.

घराचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. डॉक्टरांचा तर नाहीच. आता पाण्याच्या दिवशी न चुकता फोन करतो, “आई, भरलंस का?” आणि मी बोलेपर्यंत श्वास धरून थांबतो, मला ऐकू येतं ते.

केतकीचं म्हणणं, त्याच्या लहानपणी मी रोज पाण्यावरून त्याच्या मागं लागायची, ती सवय तोंडात बसली असेल. असेल बाई. शिकलेली आहे, तिचं खरंही असेल. पण मग मला विचारणारं कोण होतं? माझ्या मागं असं कुणी कधी लागलं नव्हतं. आणि ती आजी मी असेन, तर इतक्या वर्षांपूर्वी मी त्या ओसरीवर कशी बसले? नाही सुटत. डोकं शिणलं माझं.

आता आमच्या कोपऱ्यापर्यंत खणत आलेत, मोठी नवी पाईपलाईन टाकताहेत. नळ रोज येणार म्हणतात. आला तर सोन्याहून पिवळं. पण मग वाट बघत कोण बसणार, आणि कुणाला विचारायचं कुणी? म्हणून म्हणते, नुसतं वाचून ‘बापरे काकू’ लिहू नका. एखाद्या पाण्याच्या दिवशी या. खिचडी टाकते, सिनेमा लावते. मी तोंडात सुपारी धरून बसेन, तुम्ही फक्त काय ऐकू आलं ते खरं सांगायचं. या गं, पाईप दारात यायच्या आत या.