शारजातला पूर्व मतदारसंघ

शारजाहून निखिलचा फोन आला नसता, तर या वयात मी आखाताच्या वाटेला गेलो नसतो. "काका, बाबा माझ्याकडे आलेत, पण तिकडचा फ्लॅट विकायला तयारच नाहीत. इथे थांबा म्हटलं की विषय बदलतात. तुम्ही समजवा."

निखिलचे वडील बापू माझे वर्गमित्र. आमच्या शहराच्या पूर्व विधानसभा मतदारसंघातून ते चार वेळा अपक्ष उभे राहिले आणि चारही वेळा पडले. प्रत्येक वेळी त्यांचा मतमोजणी प्रतिनिधी मीच होतो. हृदयविकार असलेल्या माणसाने लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याने राहू नये, हा निखिलचा मुद्दा मला बिनतोड वाटला.

दुबईहून शारजाला सकाळीच निघावे. संध्याकाळी तो रस्ता केवळ नावाला रस्ता असतो. दुबईच्या देरा भागातून खाडी एका दिरहमात होडीने ओलांडून पलीकडून बस धरावी. वाट वाकडी आहे, पण खाडीसाठी क्षम्य आहे.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे करमुक्त औद्योगिक वसाहतीत, निखिलचा मसाल्यांचा कारखाना आहे. चहाच्या सुट्टीत बापू तिथे दरबार भरवतात. पॅकिंगवरचा सुरेश आमच्याच गिरणी चाळींतला.

"बापू, यंदा पाचव्यांदा पडायचं का?"

"तू मत देशील?"

"विमानाचं तिकीट पाठवा, यल्ला, येतो! छुट्टी मात्र निखिलशेठकडून तुम्हीच काढा."

पहिल्या निवडणुकीत याच चाळींनी बापूंना दुसऱ्या क्रमांकावर नेले होते. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली, नाल्यापलीकडच्या चाळी पश्चिम मतदारसंघात गेल्या, आणि नंतर तिन्ही वेळा अनामत जप्त झाली. शहर बापूंना हट्टी म्हणते. मी त्यांना सुसंगत म्हणतो.

रात्री निखिलच्या घरी थालीपीठ खाताना मी त्याची बाजू मांडली. फ्लॅटविक्रीचे कागद टेबलावरच होते. बापूंची नात म्हणाली, "आजोबा, जस्ट साइन ना. यू कॅन व्होट हिअर."

"इथे कुणाला, हबीबी? तुझ्या आईला?" मग माझ्याकडे वळून, "घर हवं तर विका रे. पण मतदारसंघ सोडून मी कुठं जाऊ?"

मी तिथेच बाजू बदलली. मी म्हणालो, "मग फ्लॅट विक आणि पूर्वेतच तळमजल्यावर भाड्याने राहा. रोजची चौकशी माझ्याकडे."

"काका, मी तुम्हाला कशाला बोलावलं होतं?" निखिलचा आवाज चढला.

"तुझ्या हरकती दोन: जिने आणि एकटेपण. दोन्हींना उत्तर दिले आहे."

निखिलने विक्रीचे कागद पुन्हा चाळले. मग त्यानेच बापूंसमोर पेन ठेवले.

परतल्यावर लोक दुबईच्या मनोऱ्यांबद्दल विचारतात. मला आठवतो तो मसाल्याच्या वासात बसलेला, मतपेटीविना चाललेला आमचा मतदारसंघ. इकडे बापूंसाठी पूर्वेत तळमजल्यावर भाड्याची जागा मात्र मिळेना. अखेर एक उत्तम सापडली: तळमजला, शेजारी दवाखाना, समोर सुरेशची आई. फक्त ती नाल्यापलीकडे होती. भीतभीतच फोन लावला.

"बापू, जागा पश्चिमेत आहे."

"चाळींत?"

"चाळींत."

"मग पश्चिम कसली? ती माझी माणसं आहेत. किल्ली घे."