कानातल्यांची डबी

त्या बाई आमच्या बिबवेवाडीच्या घरी एकदाच आल्या, नेहमीच्या थेरपिस्टच्या बदली. नाव विचारायचं राहूनच गेलं. दारातच त्यांनी कानातली काढून डबीत ठेवली, केस घट्ट बांधले आणि फरशीवर बसल्या.

माझी सहा वर्षांची लेक बोलत नाही. बिस्किट हवं असेल तर बिस्किटाचं चित्र हातात द्यायचं, एवढंच त्या शिकवत होत्या. लेकीनं चित्र भिरकावलं आणि किंचाळून ती त्यांच्या मनगटाला चावली. त्या हलल्या नाहीत. मी पुडा घेऊन धावलो.

“थांबा. आत्ता दिलंत, तर उद्या चावूनच मागेल.”

मला त्यांचा रागच आला. शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी लेकीनं चित्र उचलून त्यांना दिलं, आणि त्याच क्षणी बिस्किट तिच्या हातात होतं.

जाताना त्या डबी विसरल्या, म्हणून मी खाली पळालो. मनगटाला रुमाल बांधून, स्कूटरवर बसून त्या वहीत लिहीत होत्या.

“इथलं इथंच लिहून टाकते. घरी नेत नाही.”

डबी घेऊन कानातली घालता घालता त्या म्हणाल्या,

“माझी चार वर्षांची आहे घरी. ती नुसती रडली, तरी मी लगेच बिस्किट देते.”