लगीनसराईत आलेला युरोपचा पेपर

आमच्या झरीत दाखवायच्या कार्यक्रमात मुलीनं मान खाली घालून नाव आणि शिक्षण सांगायचं, बाकीची उत्तरं चुलत्यानं द्यायची, अशी रीत. माझी अडचण ही, की मी बी.ए.ला काय शिकते ते चुलत्यांना ठाऊकच नव्हतं. त्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे, बंद झाले, परीक्षा पुढं गेली आणि नेमकी लगीनसराईत येऊन बसली. माझा शेवटचा एक पेपर राहिला होता, आधुनिक युरोपातल्या विचारांचा. तो दिला की घराण्यातली पहिली पदवी. ती मला हवीच होती.

पाहुणे पालमचे. पोराचे मामा म्हणाले, मुहूर्त जवळचा हाय, पेपरबिपर राहू द्या. मग सहज विषय विचारला. चुलते आईनं पढवलेलं तेवढं म्हणाले, युरोप. मामांना हसू आलं.

"तिकडच्या लोकांला बसून इचार करायला येळ कसा काय गावत असंल?"

उत्तर चुलत्यांनी द्यायचं होतं. ते आढ्याकडं बघत बसले. मग मीच दिलं.

"भाकरी दुसऱ्यानं थापली की गावतो, मामा."

तोंड उघडलंच होतं, तर पुढचंही सांगितलं. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्यांच्या कपातली साखर गुलामांच्या घामाची होती. सगळी माणसं सारखी, असं लिहिताना त्यांनी ना बायका धरल्या, ना आपल्याला. पण दूरच्या एका बेटावरच्या गुलामांनी ते बोलणं लय मनावर घेतलं आणि मालकांनाच हाकलून दिलं.

मामांनी बशी खाली ठेवली. कळवतो म्हणाले. आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे काय, ते किटलीलासुद्धा कळतं.

चुलते गावभर सांगत सुटले, पोरीनं पाहुण्यांला युरोपात नेऊन सोडलं. दादा, म्हणजे माझे वडील, मात्र माझ्याशी बोलेनात. जे काय असेल ते आईमार्फत.

पेपरच्या सकाळी मी थांब्यावर गेले, तर दादा आधीच तिथं. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. एसटीत शेजारी बसले आणि हळूच म्हणाले,

"त्या मोठ्या इचारवाल्यांनी आपल्या लेकी कालेजात घातल्या का गं?"

"न्हाई दादा. तवा तिथं पोरींला कालेजात घेतच नव्हते."

तेवढ्यात कंडक्टर आला.

"दोन परभणी द्या," दादा मोठ्यानं म्हणाले, "पोरीचा बी.ए.चा पेपर हाय."

त्यानं विचारलं नव्हतं.