पट्टीवाला सोनचाफा

सांगायची लाज वाटते हो, पण तुमचा चहा प्यायलोय, तेव्हा ऐकाच. तीस वर्षं बारामतीत जीवशास्त्र शिकवलं आणि एका सोनचाफ्यानं माझी अब्रू काढली!

कऱ्हाटीला सासूबाईंच्या दारातला सोनचाफा रस्ता रुंद करताना तोडला. सासूबाई पंच्याऐंशीच्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. बायको, कुसुम, म्हणाली, "आपल्या अंगणात लावू. पहिलं फूल आईला."

गेलो निमगाव केतकीला, दिलावरच्या नर्सरीत. दिलावर माझाच जुना विद्यार्थी. त्यानं दोन सोनचाफे शेजारी ठेवले. पानं अगदी सारखी! एक माझ्या खांद्याइतका, सरळसोट. दुसरा गुडघ्याएवढा, वाकडा, आणि खोडाला चक्क प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली.

"सर, ह्यो बारका दिसतोय, पण..."

"अरे, मोडलेलं झाड मास्तरच्या गळ्यात मारतोस?"

"न्हाय सर, त्ये मोडलेलं न्हाय..."

"दिलावर! झाडं मला शिकवायची नाहीत!"

बिचाऱ्यानं उंच झाड गाडीत ठेवून दिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी कॉलनीत व्याख्यान दिलं! शेजारच्या चौघांनी माझ्या शब्दावर उंचच झाडं आणली.

चार वर्षं झाली. झाडं गच्चीला टेकली. फूल? नाव नको! दर श्रावणात सासूबाईंचा फोन, "जावईबापू, आलं का वो फूल?"

"पुढच्या वर्षी नक्की, आई."

यंदा म्हणाल्या, "पुढचं वरीस कुणी बघितलंय?"

कुसुम उठून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाज वाटली की माझ्यासारखा माणूस काय करतो? दुसऱ्यावर ओरडतो!

तडक निमगाव गाठलं. भर गिऱ्हाइकांत ओरडलो, "दिलावर, फसवलंस मला!"

तो मला शांतपणे मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं छातीएवढं झाड, फुलांनी पिवळंधमक.

"सर, तुमी सोडलेलं त्ये हेच. कलम हाय. ती पट्टी कलमाची हुती. तुमचं झाड बियाचं, त्याला फुलायला अजून चार-पाच वर्सं लागतील."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

त्यानं मान खाली घातली. "सर, नववीत म्या कलमाच्या आकृतीत पट्टी काढली हुती. अब्बा बांधायचे तशी. तुमी म्हणला, 'झाडाला दवाखान्यात न्यायचंय का?' सगळा वर्ग हसला. शून्य दिलं तुमी. तवापासनं तुमच्यापुढं पट्टीचं नाव काढलं न्हाय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! फळ्यावर शेकडो कलमं काढली मी, पण खरं कलम कधी हातात धरलं होतं का? छे!

त्यानंच ओंजळभर फुलं तोडून दिली. कुसुमला घेऊन कऱ्हाटीला गेलो. सासूबाईंनी फूल नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

"तुमच्या दारातलं?"

"नाही आई. माझ्या एका विद्यार्थ्याच्या नर्सरीतलं."

"गुणाचं लेकरू! कुणाकडं शिकलं वो?"

कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"वडिलांकडं," मी म्हणालो.